कासवाला सांगितलेली वाट

युनिस आणि तिचा जावई लेस्टर दोन वर्षं एकाच होडीवर काम करत होते, आणि त्या दोन वर्षांत ते एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. भांडण नव्हतं. उलट मान होता. सासू आणि जावई एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, नाव घेत नाहीत, हातातून हातात वस्तू देत नाहीत. एक उजेडात बसला तर दुसऱ्याने पाठ करून सावलीत बसायचं. युनिसच्या आजीने हे पाळलं, आईने पाळलं, आणि युनिसही पाळत होती. पण आजीला आणि आईला आपापल्या जावयांबरोबर सात मीटरच्या होडीत सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ काढावा लागला नव्हता, हेही खरं.

मध्ये ग्रेग असायचा म्हणून निभायचं. ग्रेग बलांडा, म्हणजे गोरा. लाल दाढी, उन्हाने सोललेलं नाक, आणि डोक्यावर कायम एक टोपी, जिचा मूळ रंग कुणालाच आठवत नव्हता. आठ वर्षांपूर्वी तो समुद्रकिनारा राखणाऱ्या रेंजरांच्या कचेरीत कागदपत्रं सांभाळायला आला. बिननात्याचा माणूस गावात वावरणार कसा? कुणाशी थट्टा करायची, कुणाला वाट द्यायची, हे त्याला कळणार कसं? म्हणून युनिसने त्याला मुलगा मानलं. तेव्हापासून तो तिला आई म्हणायचा. आपोआपच तो तिच्या लेकीचा, जोसलिनचा भाऊ झाला आणि पुढे जोसलिनचं लग्न झाल्यावर लेस्टरचा मेहुणा. मेहुण्यामेहुण्यांत थट्टामस्करी चालते. सासूचा निरोपही चालतो.

"ग्रेग, तुझ्या मेहुण्याला सांग, नांगराचा दोर मोकळा कर," सुकाणूवरून युनिस म्हणायची.

"लेस्टर, आई म्हणतेय दोर मोकळा कर."

"ऐकलं मी. माझे कान धड आहेत."

"मग केलं का नाहीस?"

"तू सांगितलं नव्हतंस ना!"

ग्रेग कपाळावर हात मारायचा आणि युनिस तोंड समुद्राकडे वळवून हसायची. आपण हसलो हे जावयाला दिसू नये म्हणून.

युनिसचा जन्म मुख्य गावातला नाही. गावाच्या पूर्वेला, मोठ्या खडकरांगेच्या पलीकडे तिच्या आईच्या माणसांचं छोटं बेट आहे, तिथला. तिथून गावात यायचं तर दोनच रस्ते. एक रांगेला बाहेरून वळसा घालून, दीड तासाचा. दुसरा रांगेच्या मधून, अर्ध्या तासाचा, पण तो पाणी पुरेसं असतानाच, आणि ज्याला ठाऊक आहे त्यालाच. युनिसचे वडील ओंडक्यातून कोरलेली होडी वल्हवायचे आणि आई पुढे बसून ओठांनी दिशा दाखवायची. वरचा ओठ इकडे, वरचा ओठ तिकडे. बोट दाखवायची पद्धत नव्हती. युनिस आईच्या मांडीला टेकून तो ओठ बघत बघत वाट शिकली. सात वर्षांची असताना ती म्हणाली, "आई, आता डावीकडे." पुढच्या खेपेपासून आईने युनिसला आपल्या पुढ्यात बसवलं.

मग मिशनची शाळा झाली, लग्न झालं. पुढे पंधरा वर्षं त्याच शाळेत मदतनीस शिक्षिका म्हणून पोरांची नाकं पुसण्यात आणि अक्षरं गिरवून घेण्यात गेली. नवरा वारला. त्याचं नाव अजूनही तिच्यासमोर कुणी घेत नाही. तो गेला त्याच वर्षी बेटाच्या किनाऱ्यावर एक बेवारस जाळं वाहत आलं. कुठल्या देशाचं, कुठल्या बोटीचं, देव जाणे. दोनशे हात लांब, आणि त्यात अडकून मेलेली नऊ कासवं. आईच्या किनाऱ्यावर. युनिस त्या वासात तीन दिवस सुरीने जाळं कापत बसली. चौथ्या दिवशी शाळेत जाऊन तिने मुख्याध्यापिकेला सांगितलं, "आता पोरांना दुसरं कुणीतरी शिकवेल." आणि तिने रेंजरांचा निळा शर्ट चढवला. त्रेचाळीस वर्षांची होती. बारा वर्षं झाली त्याला.

होडी चालवायचा परवाना तिला तिसऱ्या खेपेला मिळाला. समुद्र आडवा आला नाही, आडवे आले परीक्षेचे कागद. तो परवाना प्लास्टिकमध्ये घालून तिने चहाच्या डब्यात ठेवलाय.

लेस्टर पश्चिमेकडचा. गोड्या पाण्याचा माणूस. नद्या, पाणथळी, कमळांचे कांदे, मगरी याविषयी त्याला विचारा. खारं पाणी त्याला लग्नानंतरच भेटलं. पहिल्या महिन्यात तो दर खेपेला ओकायचा. युनिस पाठ करून उभी राहायची आणि ग्रेगला म्हणायची, "त्याला सांग, लांब क्षितिजाकडे बघत राहा. आणि सकाळी रिकाम्या पोटी येऊ नकोस." पुढे त्याचं ओकणं थांबलं. तो मुकाट्याने काम करायचा. पण त्याच्या मनात काय चाललंय हे तिला कधी कळायचं नाही. विचारणार कशी?

आणि त्या ऑगस्टमध्ये तिला ते कळायला हवं होतं.

झालं असं की लेस्टरच्या खिशात तिने डार्विन शहराचा शिक्का असलेला लांब लिफाफा पाहिला. दोन दिवसांनी जोसलिन दुकानातून चाकांची मोठी बॅग घेऊन आली आणि आईला बघून तिने ती चटकन पलंगाखाली सरकवली. नणंद मॅव्हिस कचेरीतला वायरलेस सांभाळते आणि गावातली प्रत्येक बातमीही. ती म्हणाली, "वहिनी, तिकडच्या खाणीत माणसं घेतायत म्हणे. गोड्या पाण्याचा माणूस तो, कधी ना कधी जाणारच." बस्स. तेव्हापासून युनिस मनात एकच हिशेब करत बसायची. लेक जाणार, नातू जाणार. आणि तिच्यानंतर त्या खडकांमधली वाट कुणाला दाखवायची? जोसलिनला होडीत पाय ठेवला की चक्कर येते. लेकीला सरळ विचारावं, तर लेकीने "हो" म्हटलं तर काय, या धास्तीने ती विचारतच नव्हती.

असं मनात घेऊन ती त्या सकाळी निघाली. आग्नेयेचा वारा होता, पण फार नाही. बेटाच्या बाहेरच्या बाजूला जाळं तरंगतंय असं विमानवाल्याने कळवलं होतं. तिघेच गेले, युनिस, ग्रेग आणि लेस्टर. जाळं सापडलं. हिरवं, शेवाळलेलं, खडकाच्या नाकावर अर्धं अडकलेलं. त्यात एक कासव जिवंत होतं. मादी, मध्यम आकाराची, एका वल्ह्यासारख्या पायाला दोर रुतून खाच पडलेली. लेस्टर आणि ग्रेगने तिला उचलून होडीत घेतलं, उलथू नये म्हणून खाली ओली गोणपाटं टाकली, आणि ती जोरात फुसकारून पडून राहिली.

"चिडलीय," ग्रेग म्हणाला.

"तुला कुणी असं उचललं तर तू काय गाणं म्हणशील?" युनिस म्हणाली.

तेवढ्यात वाऱ्याने होडी जाळ्यावर ढकलली. मागच्या मशीनचा आवाज घुसमटला आणि बंद पडला. पंख्याला जाळं गुंडाळलं गेलं होतं. असं अनेकदा होतं. मशीन वर उचलायचं, सुरीने जाळं कापून काढायचं. ग्रेग मागे वाकला आणि कापू लागला. लेस्टर त्याचा पट्टा धरून उभा होता. एक लाट आली, तशी काही मोठी नव्हती, पण होडीचा मागचा भाग एकदम खाली गेला. जाळं ताणलं, सुटलं, आणि ग्रेगच्या उजव्या हातातली सुरी त्याच्याच डाव्या हातात, कोपराच्या खाली आतल्या बाजूने, खोल गेली.

ग्रेग ओरडला नाही. त्याने आश्चर्याने हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरेच्चा."

रक्त उसळ्या मारत येत होतं. युनिस सुकाणू सोडून दोन ढांगांत मागे आली. तिने त्याला खाली बसवलं, पाठीमागे पेटी लावली, हात वर धरला, जखमेवर पट्ट्यांचा गठ्ठा दाबला. गठ्ठा भिजला. दुसरा दाबला, तोही भिजला. मग तिने आपल्या अंगठ्याने आत चाचपत ती जागा शोधली, जिथून येत होतं ती, आणि सगळा जोर लावून दाबली. रक्त थांबलं. अंगठा नखभर हलला की पुन्हा येई.

लेस्टरने तोवर उरलेलं जाळं कापलं, मशीन खाली सोडलं, सुरू केलं, आणि वायरलेसचा चोंगा त्याच्या वायरीसकट ओढून ग्रेगच्या पायाशी ठेवला. सासूच्या हातात दिला नाही. शेजारी ठेवला, मागे सरला.

"मॅव्हिस! मॅव्हिस, युनिस बोलतेय. ग्रेगचा हात कापलाय. नर्सला बोलाव, लवकर."

नर्स आली. तिने तीन प्रश्न विचारले आणि म्हणाली, "दाब सोडू नका. अंगठा उचलू नका, हात बदलू नका, दुसऱ्या कुणाला धरायला देऊ नका. किती वेळात पोचाल?"

युनिसने पाण्याकडे पाहिलं. ओहोटी लागून तास होऊन गेला होता. बाहेरून वळसा म्हणजे दीड तास, आणि वाऱ्याच्या तोंडावर, प्रत्येक लाटेला आपटत. त्या हेलकाव्यांत अंगठा जागेवर राहणं शक्य नव्हतं. खडकांमधून गेलं तर अर्धा तास, संथ पाणी. पण पाणी उतरत होतं, अजून जेमतेम अर्धा तास पुरेल इतकंच होतं. आणि सुकाणूवर आता लेस्टर उभा होता, ज्याने त्या वाटेने स्वतः एकदाही होडी नेली नव्हती.

"अर्ध्या तासात येतो," ती म्हणाली. "मॅव्हिस, तू बाजूला होऊ नकोस. मी तुला सांगते, तू माझ्या लेकीच्या नवऱ्याला सांग. आधी मोठ्या काळ्या खडकाकडे."

"लेस्टर," वायरलेसमधून मॅव्हिसचा आवाज आला, "वहिनी म्हणतायत, काळ्या खडकाकडे जा."

लेस्टरने होडी वळवली. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसरं आलं तेव्हा युनिस ओरडली, "मॅव्हिस, डावीकडे!"

"कोणी? मी?"

"अगं तो! तो!"

"लेस्टर, डावीकडे. किती डावीकडे, वहिनी? ओव्हर."

तोवर होडीच्या बुडाला खरवड बसली. लांबलचक, दात शिवशिवायला लावणारी. लेस्टरने मशीन उचललं, होडी घसरत पुढे गेली आणि पुन्हा पाण्यावर आली. ग्रेगचं डोकं एका बाजूला कललं होतं. ओठ पांढरे पडले होते. "आई," तो पुटपुटला, "मी सांगू का त्याला?"

"तू श्वास घे. तेवढंच काम कर."

"ओव्हर," मॅव्हिस म्हणाली.

"मॅव्हिस, तू गप्प बस आता!"

युनिसचा अंगठा बधिर होत चालला होता. समोर पाण्याचा रंग बदलत होता. हिरवा, पिवळट, मध्येच तपकिरी. पुढचं वळण येतच होतं. सरळ जावयाला हाक मारावी? माणूस मरतोय म्हटल्यावर कुणी नावं ठेवली नसती. पण पंचावन्न वर्षं न बोलण्याचंच वळण तिच्या अंगाला लागलेलं, हाक तोंडातून बाहेरच येईना. तिची नजर खाली गेली. गोणपाटावर कासवीण मान उंचावून तिच्याकडेच बघत होती.

"अगं बाई," युनिस तिला म्हणाली, मोठ्या, खणखणीत, वर्गातल्या आवाजात, "ऐक नीट. तो दोन टोकांचा तपकिरी डाग दिसतोय ना, त्याला उजव्या हाताला ठेव. हळू. आता सरळ. सरळच जा, घाबरू नकोस."

होडी हळू झाली. तपकिरी डाग उजवीकडून गेला. होडी सरळ झाली.

"शाबास, पोरी. आता तुझ्या आजीचं घर येईल, तो पांढरा दगड, पक्ष्यांनी घाण केलेला. त्याच्या जवळून जा. अजून जवळ. लोक लांबून जातात आणि फसतात. जवळ पाणी खोल आहे."

लेस्टरची पाठ ताठ होती. त्याने मान वळवली नाही. होडी दगडाच्या इतक्या जवळून गेली की वर बसलेले बगळे उडाले. युनिसचा श्वास जरा मोकळा झाला. ती बोलत गेली आणि होडी वळत गेली. आईच्या ओठाची आता गरज नव्हती. तिच्या तोंडून शब्द येत होते, जे आईने कधी उच्चारलेच नव्हते. डावीकडे बोटभर. आता थांब, लाट जाऊ दे. हं, चल. जिथे पाण्यावर सुरकुत्या दिसतात तिथे जायचं नाही, बाई, तिथे तुझं पोट घासेल.

शेवटचा भाग राहिला. दोन खडकांमधली खाच आणि तिच्या पलीकडे गावाचं पाणी.

"बरोबर मधून," युनिस म्हणाली. "बरोबर मधून जा, आणि झालंच."

होडी मधून गेली नाही. लेस्टरने ती थांबवली. मग तो, तोंड समोर ठेवूनच, घसा खाकरून बोलला. त्याचा आवाज तिने इतक्या जवळून, तिच्यासाठी म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"कासवीणबाई," तो म्हणाला, "त्यांना सांगा, मधे वाळू आलीय. गेल्या पंधरवड्यात आम्ही समुद्री गवत मोजायला आलो होतो तेव्हा बघितली. त्या तेव्हा नातवाला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. आता पाणी उजव्या खडकाला लागून आहे. मी उजवीकडून नेऊ का, विचारा."

मधली वाट युनिसच्या आईची होती. तिने मान लांब करून पाहिलं. मधल्या पाण्याखाली फिकट पिवळं काहीतरी चमकत होतं. होती वाळू. त्या वाटेने गेले असते तर होडी तिथे रुतून बसली असती, पुढच्या भरतीपर्यंत.

"बाई," ती कासवाला म्हणाली, "त्याला म्हणावं, ने."

लेस्टरने उजव्या खडकाला लागून, हात लांब केला तर खडकाला लागेल इतक्या जवळून, होडी काढली. पलीकडे गावाचं पाणी होतं, सपाट, निळं. त्याने मशीन पूर्ण वेगात सोडलं. वाऱ्याने युनिसच्या डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत नेलं. ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

किनाऱ्यावर नर्स आणि गाडी तयार होती. अर्धं गाव होतं. नर्सने तिच्या अंगठ्याच्या जागी आपलं काहीतरी बसवलं, आणि मगच युनिसला हात काढू दिला. बोटं सरळ होईनात. दुपारच्या विमानाने ग्रेगला मोठ्या इस्पितळात नेलं. जाताना स्ट्रेचरवरून तो म्हणाला, "माझी टोपी होडीत राहिली." तेव्हा लोकांना कळलं की हा काही मरत नाही.

युनिसचा मामा थिओडोर काठी टेकत किनाऱ्यावर उभा होता. त्या खडकांवर आणि त्या वाटेवर शेवटचा शब्द त्याचाच. तो युनिसजवळ आला.

"तू कोणावर ओरडत होतीस गं? वाऱ्याबरोबर आवाज इथवर येत होता. बगळे उडाले तेव्हाच मी म्हटलं, कुणीतरी दगडाजवळून येतंय."

युनिसने मान खाली घातली. "कासवाला सांगत होते, मामा."

म्हाताऱ्याने होडीत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बरोबर आहे," तो अखेर म्हणाला. "कासव पाण्यातलं. पाण्यातल्या प्राण्याला पाण्यातली वाट सांगायला कसली आलीय बंदी?" मग जरा पुढे वाकून म्हणाला, "चरबी बरी दिसतेय हिची."

"हिला कुणी हात लावला तर बघा!" युनिस एवढ्या जोरात ओरडली की सगळे हसू लागले. मामा तर काठीवर वाकून हसला. लेस्टर लोकांच्या पलीकडे, पाठ करून, होडीतलं रक्त धूत होता. त्याचे खांदे हलत होते. तोही हसतच होता.

संध्याकाळपूर्वी जोसलिन चहा घेऊन आईच्या ओसरीत आली. युनिस बधिर अंगठा चोळत बसली होती. दिवसभराने तिच्यातली भीती जणू सगळी खर्चून गेली होती, म्हणून तिने विचारलं.

"कधी निघणार तुम्ही?"

"कुठे?"

"डार्विनला. खाणीत."

"कोण म्हणालं खाणीत?"

"लिफाफा बघितला मी. बॅग बघितली. लपवलीस ती."

जोसलिनने कप खाली ठेवला. "मॅव्हिस आत्या म्हणाली ना? वाटलंच मला. अगं आई, तो कोर्सचा लिफाफा आहे. होडी चालवायच्या परवान्याचा. तीन आठवडे आहे डार्विनला. त्याच्याकडे धड पिशवी नव्हती, म्हणून बॅग घेतली. तुला सांगू नकोस म्हणाला. तू तिसऱ्या वेळेला पास झालीस ना, तो म्हणाला, मी पहिल्या वेळेला नापास झालो तर त्यांना कळायला नको."

"परवाना?"

"दोन वर्षं रोज घरी येऊन सांगतो मला. तू ग्रेगला काय काय सांगितलंस. क्षितिज, पाण्याचा रंग, वारा. मला झोप येते आणि याचं चालूच. तू काय समजलीस, तू ग्रेगशी बोलत होतीस? ग्रेग तर अजून भरती आणि ओहोटीत घोळ घालतो."

युनिस हसली नाही की रडली नाही. ती ओसरीच्या खांबाला टेकली, पाय लांब केले आणि म्हणाली, "चहात साखर घातलीस का?"

"तुला साखर मना आहे."

"आज घाल."

दुसऱ्या सकाळी इस्पितळातून फोन आला. ग्रेगचा आवाज औषधाने जड झाला होता. "आई, बघ, पाचही बोटं हलतायत. म्हणजे तुला दिसत नाहीयेत. पण हलतायत." डॉक्टरांनी दोन तास शिवणकाम केलं होतं. नर्सने मागून सांगितलं की आणखी एक तास उशीर झाला असता तर हे बोलणं झालं नसतं. युनिसने फोन ठेवला आणि ती धपकन मॅव्हिसच्या खुर्चीत बसली. मॅव्हिस घाबरून पाणी आणायला धावली. वाईट काही नव्हतं. आदल्या दिवशी सुकाणू सोडल्यापासून जे अंगात घट्ट धरून ठेवलं होतं ते सुटत होतं, एवढंच.

त्याच दिवशी चार रेंजर दुसऱ्या होडीने जाऊन ते जाळं पुरतं काढून घेऊन आले. लेस्टरने कासविणीच्या जखमेला औषध लावलं, लांबीरुंदी मोजली, पुढच्या पायाला क्रमांकाचा बिल्ला टोचला आणि कंबरभर पाण्यात जाऊन तिला सोडलं. ती एकदाही मागे न बघता गेली.

ऑक्टोबरात जमीन अनवाणी पायांना चटके देऊ लागली आणि झाडांना पांढरा मोहर आला. हे पाकट मासे चरबीला येण्याचे दिवस. लेस्टर परवाना घेऊन परतला होता. पहिल्याच खेपेला. ग्रेग हातावर जांभळा व्रण मिरवत होता आणि दुकानात भेटेल त्याला तो दाखवत होता. एका रविवारी सगळे बेटावर गेले. लेस्टरने उथळ पाण्यात भाल्याने दोन पाकट मारले. बायकांनी ते शिजवले, मांस पिळून काढलं, यकृताच्या पिवळ्या चरबीत मळून त्याचे मुठीएवढे गोळे केले. पहिला गोळा जोसलिनने सुरूच्या झाडाच्या सावलीत बसलेल्या आईला आणून दिला. युनिसने तो सावकाश, बोटं चाटत खाल्ला.

"बरा झालाय," ती म्हणाली. "आणखी एक आण."

जोसलिन आणायला गेली. ती परत आली तेव्हा युनिस वाळूवर कुशीला वळून झोपली होती, किंचित उघड्या तोंडाने घोरत, बोटांना चरबी तशीच. नातू तिच्या पायांवर वाळू टाकत होता. जोसलिनने त्याला ओरडून थांबवलं नाही. गोळा तिने पानाखाली झाकून ठेवला आणि माशा वारत तिथेच बसली.